जैविक औषधांतील यजमान-पेशींची प्रथिने शोधायची कशी आणि आटोक्यात ठेवायची कशी : नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करून पुण्यात हिंजवडीला, हैदराबादच्या जीनोम व्हॅलीत किंवा बंगळुरूला एखाद्या बायोलॉजिक्स कंपनीत तुम्ही रुजू झाला असाल आणि पहिल्याच महिन्यात तुमच्या हाती 'एचसीपी एलायझा'ची एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, ठेवली गेली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एचसीपी म्हणजे होस्ट सेल प्रोटीन, म्हणजेच औषध बनवणाऱ्या पेशीची स्वतःची प्रथिने. एलायझा म्हणजे प्रतिपिंडांच्या साह्याने प्रथिन मोजण्याची प्लेटवरची चाचणी. अभ्यासक्रमात शिकवला जाणारा एलायझा एका प्रतिजनासाठी असतो. इथे मात्र प्लेटच्या एकाच वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, शेकडो वेगवेगळी प्रथिने एकाच वेळी मोजली जातात आणि उत्तर म्हणून एकच आकडा मिळतो. नवख्यांचा बहुतेक गोंधळ या एका फरकातून सुरू होतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट सतत लक्षात ठेवा : तो आकडा म्हणजे तुमच्या किटमधल्या प्रतिपिंडांना जे दिसले त्याची बेरीज आहे. जे त्यांना दिसत नाही, ते त्या आकड्यात नाही.

१. आपण नेमके काय शोधत आहोत

बाजारातल्या बहुतेक मोनोक्लोनल अँटिबॉडी 'चो' पेशींत तयार होतात. या पेशींचा वंश १९५७ मध्ये चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयापासून सुरू झाला. इन्सुलिन ई. कोलायमध्ये किंवा यीस्टमध्ये बनते, तर हिपॅटायटिस-बी लशीतला प्रतिजन यीस्टमध्ये. ई. कोलायमध्ये सुमारे ४,३०० जनुके असतात आणि चो पेशीत सुमारे २४ हजार. ही सगळी एकाच वेळी प्रथिने बनवत नाहीत, तरीही हार्वेस्टच्या, म्हणजे औषध असलेला द्रव काढून घेण्याच्या, दिवशी बायोरिॲक्टरमधल्या (पेशी वाढवण्याच्या टाकीतल्या) द्रवात हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतली काही पेशींनी स्वतःहून बाहेर सोडलेली असतात आणि काही मेलेल्या पेशी फुटून बाहेर आलेली असतात.

त्यांतली बहुतेक शुद्धीकरणात निघून जातात. जी उरतात, ती तीन कारणांनी त्रासदायक ठरतात. पहिले कारण म्हणजे रुग्णाच्या शरीराला ती परकी असतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. हिमोफिलिया-बीसाठी चो पेशींत बनवल्या जाणाऱ्या फॅक्टर नऊच्या 'आयबी१००१' या औषधाच्या चाचण्या अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये याच कारणाने थांबवल्या होत्या, कारण रुग्णांमध्ये चो प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. शुद्धीकरण सुधारल्यानंतर ते औषध २०१५ मध्ये मंजूर झाले. दुसरे कारण म्हणजे यांतली काही प्रथिने विकरे असतात आणि ती औषधालाच कापतात. कॅथेप्सिन-डी हे त्याचे परिचित उदाहरण. तिसरे कारण अलीकडच्या काळात फार चर्चेत आहे : लायपेज प्रकारची विकरे कुपीतल्या पॉलिसॉर्बेटचे (औषध स्थिर ठेवणाऱ्या घटकाचे) तुकडे करतात, त्यातून मेदाम्ले सुटतात आणि फ्रीजमध्ये काही महिने ठेवलेल्या कुपीत कण दिसू लागतात. लायसोसोमल फॉस्फोलिपेज ए२ हे विकर १ पीपीएमपेक्षा कमी असतानाही हे करू शकते. एकूण एचसीपी कमी आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळेच.

२. पीपीएमचा आकडा वाचायला शिका

एचसीपी आपण 'औषधाच्या दर मिलिग्रॅममागे किती नॅनोग्रॅम' असे लिहितो आणि त्यालाच पीपीएम म्हणतो. तांदळाच्या २५ किलोच्या पोत्यात साधारण दहा लाख दाणे असतात. त्यात एक परका दाणा असला, तर ते झाले १ पीपीएम. हार्वेस्टमध्ये हा आकडा लाखांच्या घरात असतो, प्रोटीन-ए कॉलमनंतर (अँटिबॉडी पकडून ठेवणाऱ्या शुद्धीकरणाच्या टप्प्यानंतर) काही शे ते काही हजार, आणि अंतिम औषधात बहुधा १०० च्या खाली.

नवखे सहकारी हमखास विचारतात, "नियमाने मर्यादा किती आहे?" सर्व औषधांना लागू होणारी एकच संख्यात्मक मर्यादा नियामकांनी ठरवलेली नाही. आयसीएच या औषध-नियमांचा देशोदेशी मेळ घालणाऱ्या परिषदेची १९९९ ची क्यू६बी मार्गदर्शिका एचसीपीला प्रक्रियेतून येणाऱ्या अपद्रव्यांत धरते आणि मर्यादा प्रत्येक औषधाच्या माहितीवरून ठरवावी, अशी अपेक्षा ठेवते. १०० पीपीएम हा व्यवहारात रुळलेला अंदाज आहे. तो कायदा असल्यासारखा वापरू नका. मात्रेचा विचार केला, की याचे कारण लगेच कळते. एका वेळी १,००० मिलिग्रॅम दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनलमध्ये १०० पीपीएम एचसीपी असेल, तर रुग्णाच्या शरीरात १०० मायक्रोग्रॅम परके प्रथिन जाते. इन्सुलिनची ४० युनिट्स म्हणजे जेमतेम १.४ मिलिग्रॅम. तिथे त्याच १०० पीपीएमचा अर्थ ०.१४ मायक्रोग्रॅम होतो, पण इन्सुलिन रोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते. म्हणून अहवालात पीपीएमशेजारी 'एका मात्रेत एकूण किती' हा आकडाही लिहायची सवय पहिल्यापासून लावून घ्या.

३. प्लेट उघडण्यापूर्वी जमवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांपैकी हे हाताशी असल्याशिवाय काम सुरू करू नका :

- चाचणीची मंजूर एसओपी आणि तिचा व्हॅलिडेशन अहवाल, म्हणजे पद्धत भरवशाची असल्याचा पुरावा. त्यातली किमान मोजणी मर्यादा, ठरवून दिलेले किमान डायल्यूशन (नमुना किती पट विरल करायचा) आणि ज्या नमुन्यांवर व्हॅलिडेशन झाले त्यांचे बफर या तीन गोष्टी स्वतः वाचून वहीत उतरवून घ्या.
- वापरात असलेल्या किटच्या किंवा अभिकर्मकांच्या लॉटचे प्रमाणपत्र, आणि आधीच्या लॉटशी केलेल्या तुलनेचा अहवाल.
- प्रतिपिंडांच्या व्याप्तीचा, म्हणजे कव्हरेजचा अहवाल. तो कोणत्या पेशींच्या आणि कोणत्या प्रक्रियेच्या हार्वेस्टवर केला आहे, ते पाहा.
- शुद्धीकरणाचा प्रवाह-आराखडा. कोणत्या टप्प्यावर नमुना घेतला जातो आणि तिथले पीएच, क्षार व प्रथिनाची तीव्रता किती असते, हे त्यावर लिहिलेले असावे.
- आयसीएच क्यू६बी, पद्धतींच्या व्हॅलिडेशनसाठी क्यू२, अमेरिकी फार्माकोपियाचे ११३२ क्रमांकाचे प्रकरण आणि युरोपीय फार्माकोपियाचे २.६.३४. भारतासाठी सिमिलर बायोलॉजिक्सची, म्हणजे आधी मंजूर झालेल्या जैविक औषधांशी साम्य असलेल्या औषधांची, २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे.

साधनांत प्लेट रीडर, प्लेट वॉशर, कॅलिब्रेशन झालेली पिपेटे आणि प्रथिने कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या लागतात. नळ्यांचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तो सोडू नका. नॅनोग्रॅमच्या पातळीवर प्रथिने साध्या प्लास्टिकला आणि काचेला चिकटून राहतात आणि प्रमाणित वक्ररेषेचा (ठाऊक प्रमाणांच्या नमुन्यांवरून काढलेल्या आलेखाचा) खालचा भाग कोसळतो. डायल्यूशनसाठी बोव्हाइन अल्ब्युमिनसारखे वाहक प्रथिन असलेले बफर वापरतात, तेही याचसाठी.

४. प्रतिपिंडे कुठून आली आहेत, ते तपासा

एचसीपी एलायझाची सगळी भिस्त पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक प्रकारच्या मिश्र, प्रतिपिंडांवर असते. ती बनवायची पद्धत अशी : औषधाचे जनुक नसलेल्या, पण बाकी सर्व बाबतींत त्याच वंशाच्या पेशी त्याच परिस्थितीत वाढवायच्या, त्यांचे हार्वेस्ट घ्यायचे आणि त्यातली प्रथिने शेळ्यांना किंवा सशांना टोचायची. अर्थात संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी त्याआधी हवी. यातून जी प्रतिपिंडे मिळतात, तीच पकडणारी म्हणूनही वापरतात आणि ओळखणारी म्हणूनही.

तुमच्यासमोर तीनपैकी एक पर्याय असेल. बाजारातले सर्वसाधारण किट हा पहिला. सिग्नससारख्या कंपन्यांची चो किंवा ई. कोलायसाठीची किट जगभर वापरली जातात आणि सुरुवातीच्या टप्प्यांसाठी ती पुरेशी असतात. कंपनीने स्वतःच्या पेशीवंशासाठी बनवलेली, अनेक औषधांना चालणारी चाचणी हा दुसरा, आणि एकाच औषधाच्या प्रक्रियेसाठी बनवलेली चाचणी हा तिसरा. तिसऱ्या टप्प्याच्या क्लिनिकल चाचण्यांपर्यंत आणि बाजारातल्या मंजुरीच्या अर्जापर्यंत पोहोचताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराची अपेक्षा असते. ही प्रतिपिंडे तयार होऊन तपासून होईपर्यंत एक वर्षही लागू शकते. म्हणून हा निर्णय शेवटी घेऊन चालत नाही, आणि औषधाच्या संपूर्ण आयुष्याला पुरेल एवढा साठा पहिल्याच वेळी करावा लागतो.

कव्हरेज कसे वाचायचे. जुनी पद्धत द्विमितीय जेलची आहे. प्रथिने आधी समविद्युत बिंदूनुसार आणि मग वस्तुमानानुसार वेगळी करतात, एका जेलला सिल्व्हर स्टेन देतात, दुसऱ्याचा वेस्टर्न ब्लॉट करतात आणि ठिपके जुळवतात. या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. जेलवर प्रथिनांची घडी उलगडलेली असते, पण प्लेटमध्ये ती नैसर्गिक घडीत असतात, त्यामुळे ब्लॉटवर दिसणारे प्रथिन एलायझात पकडले जाईलच असे नाही. म्हणून आता प्रतिपिंडे कॉलमवर बसवून त्यावरून हार्वेस्टची प्रथिने सोडतात आणि जी अडकली ती मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखतात. माझे मत विचाराल, तर दुसरी पद्धत अधिक भरवशाची आहे. टक्केवारीच्या एका आकड्यावर समाधान मानू नका. कोणती प्रथिने निसटली त्यांची यादी मागा, कारण ९० टक्के कव्हरेज असलेल्या चाचणीत निसटलेल्या १० टक्क्यांत नेमके लायपेज असू शकते. लहान आकाराची आणि प्राण्यांच्या स्वतःच्या प्रथिनांशी फार साम्य असलेली प्रथिने निसटण्याचा संभव सर्वाधिक असतो.

५. नमुना घेताना आणि साठवताना

प्रोटीन-ए कॉलमवरून उतरणारा अंश आम्लधर्मी असतो. तो तसाच गोठवला आणि नंतर वितळवून मोजला, तर काही प्रथिने साक्याबरोबर खाली बसलेली असतात आणि वरचा स्वच्छ द्रव खोटे समाधान देतो. नमुना घेतल्यावर लगेच पीएच तटस्थ करा, लहान नळ्यांत वाटून उणे ७० किंवा उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळवलेली नळी परत गोठवू नका. गढूळ नमुना सेंट्रिफ्यूज करायचा की नाही, हे एसओपीत लिहिलेले असले पाहिजे. नसेल, तर पर्यवेक्षकांना विचारून ते लिहून घ्या. दोघांनी दोन पद्धतींनी केले, तर त्या आकड्यांची तुलना कधीच होऊ शकत नाही.

६. एलायझा : डायल्यूशनचा तक्ता हाच खरा निकाल

इथे थोडे थांबूया, कारण या चाचणीतला सर्वात मोठा सापळा इथेच आहे.

समजा, तुमच्या नमुन्यात मोनोक्लोनलची तीव्रता २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि चाचणीची प्रमाणित वक्ररेषा १ ते १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढी आहे. तुम्ही पाच डायल्यूशन केली आणि वाचने (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) अशी आली :

- २० पट : वाचन १२, म्हणजे मूळ नमुन्यात २४०, म्हणजे १२ पीपीएम
- ४० पट : वाचन ८.५, म्हणजे ३४०, म्हणजे १७ पीपीएम
- ८० पट : वाचन ५.५, म्हणजे ४४०, म्हणजे २२ पीपीएम
- १६० पट : वाचन ३.६, म्हणजे ५७६, म्हणजे २८.८ पीपीएम
- ३२० पट : वाचन १.८, म्हणजे ५७६, म्हणजे २८.८ पीपीएम

पाचही वाचने वक्ररेषेच्या आत आहेत. फक्त २० पटीचे डायल्यूशन करणाऱ्याने १२ पीपीएम लिहून सही केली असती आणि कोणत्याही नियंत्रण नमुन्याने त्याला अडवले नसते. खरे उत्तर मात्र २९ च्या जवळ आहे. असे होते, कारण नमुन्यात बहुधा एकच प्रथिन जास्त प्रमाणात आहे आणि प्लेटवरच्या शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांत त्या एका प्रथिनाला पकडणारी थोडीच आहेत. ती भरून गेली, की उरलेले प्रथिन धुण्यात निघून जाते. एकूण संकेत मर्यादेत दिसतो, पण त्या एका प्रथिनापुरती प्लेट भरलेली असते. डायल्यूशन वाढवत नेले तरच हे उघड होते.

जेनेंटेकच्या लेब्रिकिझुमॅबच्या बाबतीत हाच धडा मिळाला. क्लिनिकल चाचण्यांसाठी बनवलेल्या औषधात फॉस्फोलिपेज बी-लाइक २ हे हॅमस्टरचे प्रथिन उरले होते आणि नेहमीच्या एलायझात त्याचे प्रमाण नीट कळत नव्हते. तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के जणांमध्ये त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिसाद आढळला. सुदैवाने त्याचा सुरक्षिततेच्या घटनांशी संबंध दिसला नाही. त्यानंतर त्या प्रथिनासाठी स्वतंत्र चाचणी आणि शुद्धीकरणात बदल, दोन्ही करावे लागले.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. नव्या प्रकारचा कोणताही नमुना आला, की किमान चार-पाच डायल्यूशन करा. सलग दोन डायल्यूशनमधील दुरुस्त केलेले आकडे एकमेकांच्या २० टक्क्यांच्या आत येतात का, ते पाहा. जिथून ते जुळू लागतात, तिथले उत्तर धरा. ते जुळण्यापूर्वीच वाचन मोजणी मर्यादेखाली गेले, तर ही चाचणी त्या नमुन्यासाठी पुरेशी नाही, असेच नोंदवा. याबरोबर एक हिशेबही करून ठेवा : मोजणी मर्यादा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असली, तरी ३२० पट डायल्यूशन आणि २० मिलिग्रॅम तीव्रता धरली की ती १६ पीपीएम होते. अशा नमुन्यासाठी '५ पीपीएमपेक्षा कमी' असे कुणी लिहिले असेल, तर तो आकडा कुठून आला हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

याशिवाय स्पाइक-रिकव्हरी करा. ठाऊक असलेल्या प्रमाणात एचसीपी नमुन्यात मिसळून ते परत किती मिळते, ते पाहायचे असते. सामान्यतः ७० ते १३० टक्के हा पट्टा स्वीकारतात. औषधाच्या तीव्र द्रावणामुळे किंवा एखाद्या बफरमुळे संकेत दबत असेल, तर ते इथे कळते. पण स्पाइक-रिकव्हरी उत्तम आली म्हणून डायल्यूशन टाळू नका. मिसळलेले एचसीपी हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असते, त्यामुळे एका प्रथिनाच्या अतिरेकाची समस्या त्यातून दिसत नाही.

७. मास स्पेक्ट्रोमेट्रीची जोड द्या

एलायझा 'किती' एवढेच सांगतो. 'कोण' हे सांगायला द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. इथली अडचण प्रमाणाची आहे. दहा लाख भाग औषध आणि एक भाग अपद्रव्य ट्रिप्सिनने एकत्रच कापले, तर औषधाच्या पेप्टाइडांच्या गर्दीत बाकी काही दिसत नाही. त्यावर एक सुंदर उपाय निघाला आहे. अँटिबॉडीची घडी न उलगडता कमी ट्रिप्सिन वापरायचे. मोनोक्लोनल घट्ट घडीचे असल्याने जवळपास अखंड राहते आणि बरीचशी यजमान प्रथिने कापली जातात. मग तापवून अँटिबॉडी साक्याच्या रूपात काढून टाकायची आणि वरच्या द्रवातली पेप्टाइडे मोजायची. प्रत्येक मोनोक्लोनलवर हे सारखेच चालेल असे नाही, पण ज्यावर चालते तिथे संवेदनशीलता कित्येक पटींनी वाढते.

निकालाची यादी हाती आली, की दोन गोष्टी पाहा. एका प्रथिनासाठी किमान दोन स्वतंत्र पेप्टाइडे मिळाली आहेत का, आणि डेटाबेस चायनीज हॅमस्टरचाच वापरला आहे का. केराटिनसारखी नावे आली, तर ती बहुधा प्रयोगशाळेतल्या माणसांच्या त्वचेतून आलेली असतात. यादीत फॉस्फोलिपेज, लायपोप्रोटीन लायपेज, कॅथेप्सिन, क्लस्टेरिन किंवा पेरॉक्सिरेडॉक्सिन यांपैकी काही दिसले, तर लगेच डाउनस्ट्रीमच्या, म्हणजे शुद्धीकरण विभागाच्या, सहकाऱ्यांना कळवा. ही पुन्हा पुन्हा भेटणारी आणि मोनोक्लोनलबरोबर चिकटून येणारी प्रथिने आहेत. बॅच सोडण्यासाठी रोजच्या वापरात एलायझाच राहतो आणि तो राहायलाही हवा. मास स्पेक्ट्रोमेट्री प्रक्रिया घडवताना, ती बदलताना आणि शंका आली तेव्हा वापरावी.

८. नियंत्रण : काढून टाकण्याची खरी जागा

मोजणे कितीही अचूक असले तरी त्याने औषध शुद्ध होत नाही. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणात, काम करणाऱ्यांनीही पुढचा भाग समजून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात बायोरिॲक्टरपासून होते. उत्पादन वाढावे म्हणून कल्चर आणखी दोन दिवस चालवले आणि पेशींची जिवंत राहण्याची टक्केवारी घसरली, तर फुटलेल्या पेशींतून प्रथिने, डीएनए आणि हिस्टोन यांचा लोंढा बाहेर येतो. थोडे जास्त मिळालेले औषध पुढे शुद्धीकरणात गमावले जाते. म्हणून हार्वेस्टचा दिवस ठरवताना डाउनस्ट्रीम विभागाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

प्रोटीन-ए कॉलमवर बहुतेक सफाई होते. तरीही तिथे जे एचसीपी उरते, त्यातला मोठा भाग रेझिनला (कॉलममधल्या भरणीला) चिकटून येत नाही. तो औषधाच्या रेणूला किंवा त्याच्याबरोबरच्या क्रोमॅटिनच्या गुंतवळ्याला चिकटून येतो. हे तपासण्याची सोपी रीत आहे : औषध नसलेले हार्वेस्ट त्याच कॉलमवरून चालवा. त्यात उतरणाऱ्या अंशात एचसीपी फारच कमी आले आणि औषध असलेल्या हार्वेस्टमध्ये जास्त आले, तर दोष रेणूंच्या परस्परबंधाचा आहे आणि उपाय धुण्याच्या बफरमध्ये शोधायला हवा. जास्त क्षार, आर्जिनिन किंवा बदललेले पीएच असलेले मधले वॉश इथे उपयोगी पडतात. किती वेळा धुता यापेक्षा कशाने धुता, यावर निकाल ठरतो.

यानंतर कमी पीएचवर विषाणू निष्क्रिय करण्याचा टप्पा येतो. पीएच पुन्हा वर आणताना द्रावण गढूळ होते, ती गढूळता म्हणजे बरेचसे एचसीपी आणि डीएनए असते. इथे डेप्थ फिल्टर नीट निवडला, तर जवळपास विनासायास मोठी घट मिळते. पुढे ॲनायन एक्स्चेंज कॉलम प्रवाही पद्धतीने चालवतात : आम्लधर्मी यजमान प्रथिने आणि डीएनए अडकतात, आणि अल्कधर्मी मोनोक्लोनल वाहून पुढे जाते. या टप्प्याचे यश पीएच आणि वाहकता यांवर अवलंबून असते. लोडची वाहकता ठरलेल्यापेक्षा वाढली, की अडकायला हवे ते निसटते. कॅटायन एक्स्चेंज, मिक्स्ड मोड किंवा हायड्रोफोबिक कॉलम यांपैकी कोणता जोडायचा, हे उरलेल्या प्रथिनाच्या स्वभावावरून ठरवा, म्हणजेच सातव्या पायरीतली यादी समोर ठेवून. अंदाजाने एक कॉलम वाढवणे हा महागडा उपाय असतो आणि पुष्कळदा निरुपयोगीही. काही ठिकाणी तर पेशीतूनच त्रासदायक लायपेजचे जनुक काढून टाकण्याचा मार्ग घेतला जातो, पण तो नव्या पेशीवंशापासूनच शक्य आहे.

शेवटचे अल्ट्राफिल्ट्रेशन बफर बदलण्यासाठी आणि तीव्रता वाढवण्यासाठी असते. त्याच्याकडून एचसीपी काढण्याची फारशी अपेक्षा ठेवू नका.

९. मर्यादा ठरवणे आणि नियामकांसमोर मांडणे

प्रत्येक टप्प्यावरचा आकडा एका तक्त्यात लिहा आणि कोणत्या टप्प्याने किती पट घट केली, ते दाखवा. क्लिनिकल चाचण्यांत वापरलेल्या बॅचमधले प्रमाण हा तुमचा सर्वात भक्कम आधार असतो, कारण त्याच पातळीवर माणसांतली सुरक्षितता पाहिली गेली आहे. भारतात सिमिलर बायोलॉजिकसाठी आधी जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम समितीकडे आणि पुढे सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेकडे जावे लागते. संदर्भ औषधाशी तुलना करताना लक्षात ठेवा, की त्यांच्या पेशी आणि त्यांची प्रक्रिया वेगळी आहे. तुमच्या प्रक्रियेसाठी बनवलेल्या प्रतिपिंडांनी त्यांचे औषध मोजून 'आमचे अधिक शुद्ध' असा दावा केला, तर जाणकार परीक्षक तो लगेच फेटाळतो. अशा तुलनेत मास स्पेक्ट्रोमेट्रीचा आधार घ्यावा.

एखादे विशिष्ट प्रथिन धोक्याचे म्हणून ओळखले गेले असेल, तर एकूण एचसीपीच्या मर्यादेशिवाय त्याची स्वतंत्र मर्यादा ठेवा. लायपेजच्या बाबतीत पीपीएमबरोबर स्थिरता-अभ्यासात पॉलिसॉर्बेट आणि सुटी मेदाम्ले मोजा, कारण तिथे प्रमाणाइतकीच विकराची क्रियाशीलता महत्त्वाची असते.

१०. एखाद्या बॅचचा आकडा अचानक वाढला तर

पहिली प्रतिक्रिया चाचणी पुन्हा करण्याची असते. ती आवरा. लेखी तपासणी सुरू होण्यापूर्वी केलेली फेरचाचणी ऑडिटमध्ये गंभीर त्रुटी ठरते. आधी प्लेट पाहा : नियंत्रण नमुने त्यांच्या नेहमीच्या जागी आहेत का, की तेही वर सरकले आहेत? किटचा लॉट बदलला आहे का? बदलला असेल, तर जुन्या लॉटवर आधी मोजलेला राखीव नमुना नव्या लॉटवर चालवा. पॉलिक्लोनल प्रतिपिंडांचे दोन लॉट एकाच नमुन्याला वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात, आणि असे बदल बॅचचा दोष म्हणून नोंदवले गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात पुष्कळ आहेत.

चाचणीत काही सापडले नाही, तर बॅच रेकॉर्ड उघडा. हार्वेस्टच्या दिवशीची पेशींची जीवनक्षमता, हार्वेस्ट किती तास ठेवले होते, प्रोटीन-ए रेझिनची ही कितवी फेरी होती, वॉशचे पीएच, ॲनायन एक्स्चेंजच्या लोडची वाहकता आणि डेप्थ फिल्टरवर प्रति चौरस मीटर किती द्रव गेला, या क्रमाने पाहत गेलात तर कारण बहुधा सापडते. मधल्या टप्प्यांचे राखीव नमुने असतील, तर ते एकाच प्लेटवर शेजारी शेजारी चालवा. वाढ कोणत्या टप्प्यापासून सुरू झाली, ते त्या एका प्लेटवर दिसते. हे नमुने प्रत्येक बॅचमध्ये राखून ठेवण्याची तरतूद एसओपीत नसेल, तर ती आजच सुचवा. तपासणीनंतर मंजुरी घेऊन केलेली फेरचाचणी आणि मूळ वाचन, दोन्ही अहवालात राहू द्या, आणि त्यांच्याबरोबर डायल्यूशनचा संपूर्ण तक्ता जोडा.